…नाहीतर घर खाली करा

भाडेवाढीचा निरोप घेऊन येणारे घरमालक बहुधा उद्धट नसतात. निदान माझ्या वाट्याला आलेले तरी नव्हते. ते तब्येतीची चौकशी करतात, वाढलेल्या कराबद्दल आणि देखभालीच्या खर्चाबद्दल दोन वाक्ये बोलतात आणि मग एक आकडा सांगतात. आकडा चार-पाच टक्क्यांच्या वाढीचा असेल तर बोलणे तिथेच संपते, कारण तेवढी वाढ भाडेकरूने मनात धरलेलीच असते. परंतु तो एकदम तीस-चाळीस टक्क्यांनी फुगलेला असेल, तर त्याच्या मागोमाग आणखी एक वाक्य येते. कधी ते स्पष्ट उच्चारले जाते, कधी ते दोघांनीही समजून घ्यायचे असते: जमत नसेल तर घर खाली करा. आयुष्याचा मोठा भाग भाड्याच्या घरांत काढल्यानंतर माझे असे मत झाले आहे की आपण भांडतो ते पहिल्या वाक्यातल्या आकड्यावरून, पण मालकाची सारी ताकद असते ती या दुसऱ्या वाक्यात.

‘परवडत नसेल तर दुसरीकडे जा, बाजारात हाच भाव चालू आहे’ हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. घर शोधायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे, कारण तो चार घरे पाहून त्यांतले एक नाकारू शकतो. राहत्या भाडेकरूची गोष्ट वेगळी असते. मुलांची शाळा, कामावर जाण्याचा रस्ता, वृद्ध आईवडिलांना ओळखणारा डॉक्टर, नवी अनामत रक्कम, दलाली, सामानाची ने-आण, पुन्हा सगळीकडे पत्ता बदलून घेणे, हे सगळे त्याला नकाराच्या बदल्यात मोजावे लागते आणि मालकाला ते पुरते ठाऊक असते. म्हणजे राहत्या भाडेकरूकडून मालक बाजारभाव तर मागू शकतोच, शिवाय घर बदलण्याचा जो त्रास आणि खर्च भाडेकरूला होणार असतो, जवळजवळ तेवढ्या किमतीपर्यंत बाजारभावाच्याही वर जाऊ शकतो. अवाजवी भाडेवाढ अवाजवी ठरते ती या वरच्या भागामुळे. घराच्या भिंती, खिडक्या, नळ काल होते तसेच आज असतात. किंमत लावली जाते ती माणसाच्या तिथे रुजलेपणाला.

ही ओढाताण जुनी आहे आणि तिच्याविरुद्धचा सर्वांत ठसठशीत लढा १९१५ साली ग्लासगोत झाला. पहिल्या महायुद्धात जहाजे आणि दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यांसाठी त्या शहरात कामगारांची रीघ लागली होती, घरे तेवढीच होती आणि कित्येक घरांतले पुरुष आघाडीवर गेलेले होते. मालकांनी भाडी चढवली. गव्हन भागातल्या मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने बायकांनी वाढीव भाडे द्यायचे नाकारले, आणि घर खाली करून घ्यायला बेलीफ आले की घंटा वाजवून सगळ्या शेजारणींना जिन्यात गोळा करायचे असा परिपाठ पाडला. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार भाडेकरू या संपात उतरले होते. डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर आणून ठेवली. त्या कायद्याचे मला विशेष वाटते ते असे की त्यात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या: भाडे वाढवायचे नाही, भाडे देणाऱ्याला मनमानीने काढायचे नाही, आणि ज्या सावकाराकडे मालकाने घर गहाण ठेवले आहे त्यानेही व्याज वाढवायचे नाही. मालकाच्या मानगुटीवर कोण बसले आहे, याचाही विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. पुढच्या शंभर वर्षांतल्या अनेक कायद्यांना हे तिन्ही धागे एकत्र धरता आले नाहीत.

मुंबईत १९१८ साली याच धर्तीचा युद्धकालीन भाडे कायदा आला, आणि १९४७ साली आलेल्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने तर पन्नास वर्षे राज्य केले. त्यात ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे भाडे, ठरवण्याची आधारतारीख होती १ सप्टेंबर १९४०. भाडेकरूला काढण्याची कारणे कायद्यात मोजून दिलेली होती, त्यामुळे त्यांतले एखादे कारण असल्याशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. कागदावर याहून भक्कम संरक्षण असू शकत नाही. पण आकडा गोठला आणि जग चालत राहिले. चाळीच्या खोलीचे भाडे नाममात्र झाले, मालकाने डागडुजी सोडली, छपरे गळू लागली, आणि खोलीची खरी किंमत पागडीच्या रूपाने रोखीत हातोहात फिरू लागली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट म्हटले की भाडे १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. कायद्याची मुदतच काही महिन्यांत संपणार होती, एवढ्यासाठी न्यायालयाने त्या तेव्हाच रद्द केल्या नाहीत. भाडेकरूच्या बाजूने बोलणाऱ्याने हा निकाल टाळून पुढे जाऊ नये असे मला वाटते. अतिशय मोठी वाढ जितकी अन्यायाची, तितकीच पिढ्यान्‌पिढ्या शून्य राहिलेली वाढही अन्यायाची असते, आणि तिची शिक्षा शेवटी भाडेकरूच्याच डोक्यावर छपरासकट कोसळते.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ नुसार मालकाला दरसाल ४ टक्के भाडे वाढवता येते. सुधारणांसाठी आणि वाढलेल्या करांसाठी वेगळी तरतूद आहे. चार टक्के ऐकले की ज्यांच्यापुढे चाळीस टक्क्यांचा आकडा ठेवलेला असतो त्यांना हायसे वाटते, आणि तिथेच मोठी फसगत होते. कारण आज नव्याने भाड्याने घर घेणारा माणूस बहुतेक वेळा त्या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतोच. त्याच्याकडे ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, बहुधा अकरा महिन्यांचा करारनामा असतो. घरात राहण्याची परवानगी तेवढी त्याला मिळालेली असते, घरातला हक्क नव्हे. मुदत संपली की परवानगी संपली. कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन कब्जा मागू शकतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम वसूल करू शकतो. त्यामुळे चार टक्क्यांची मर्यादा त्याच्या दारापर्यंत पोचतच नाही. बाराव्या महिन्यासाठी मालक कितीही आकडा सांगू शकतो, कारण कायद्याच्या दृष्टीने ती वाढ नसून नवा सौदा असतो.

हा प्रकार एका दिवसात जन्माला आला नाही. १९४७ च्या कायद्याने भाडेकरू कायमचा होतो म्हणून मालक परवानगीचे करार करू लागले; १९७३ साली दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या अशा परवानगीधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला; त्या धसक्याने मालकांनी कित्येक घरे कुलपात ठेवणे पसंत केले; आणि नंतरच्या कायद्याने त्यांना परत बाजारात आणण्यासाठी परवानगीच्या करारांना भक्कम आधार दिला. प्रत्येक पावलामागचे कारण समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा झाला की एकाच इमारतीत एका मजल्यावर काढताच न येणारा भाडेकरू राहतो आणि दुसऱ्या मजल्यावर दर अकरा महिन्यांनी श्वास रोखून बसणारा. दोघांसाठी कायदा एकच आहे, हे सांगूनही पटत नाही.

जर्मनीचा कायदा मी प्रथम वाचला तेव्हा मला त्यातल्या टक्केवारीपेक्षा एका छोट्या वाक्याने थांबवले. त्यांच्या नागरी संहितेच्या कलम ५७३ मध्ये, मालकाला घर कोणत्या कारणांनी परत मागता येईल हे सांगताना, भाडे वाढवण्याच्या हेतूने भाडेकरार संपवता येणार नाही असे सरळ लिहून ठेवले आहे. ‘नाहीतर घर खाली करा’ हे वाक्यच तिथे बेकायदा आहे. त्यानंतरचे नियम या पायावर उभे राहतात. मालकाला भाडे वाढवायचे असेल तर त्याने लेखी कारण द्यायचे, आणि ते कारण म्हणजे त्या भागातल्या तशाच घरांचे प्रचलित भाडे. त्यासाठी अनेक शहरे भाड्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात; तक्ता नसेल तर तज्ज्ञाचा अहवाल किंवा तुलनेसाठी तीन घरांचे दाखले चालतात. मागच्या वाढीनंतर एक वर्ष तरी गेलेले असावे लागते. प्रचलित भाडे कितीही वर गेले असले तरी तीन वर्षांत २० टक्क्यांहून अधिक आणि जिथे घरांची टंचाई जाहीर झाली आहे तिथे १५ टक्क्यांहून अधिक वाढ मागता येत नाही. भाडेकरूला विचार करायला मागणी हाती आलेल्या महिन्यानंतरचे दोन महिने मिळतात. तो गप्प बसला तर त्याची संमती गृहीत धरली जात नाही. संमती मिळवण्यासाठी मालकालाच न्यायालयात जावे लागते.

याच्या शेजारी आपल्याकडचा, २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा ठेवून पाहावा. तो राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेला नमुना आहे. त्यात चांगल्या गोष्टी आहेत: राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, ठरावीक मुदतीच्या करारात वाढ लिहिलेली नसेल तर मुदत संपेपर्यंत भाडे वाढवू नये, वाढीची लेखी सूचना तीन महिने आधी द्यावी, आणि वाद झालाच तर भाडे प्राधिकरणाने तो ऐकावा. परंतु सूचना मिळाल्यावर भाडेकरूने घर सोडत असल्याचे कळवले नाही, तर त्याने वाढ मान्य केली असे धरले जाते. एका देशात मौन म्हणजे नकार आणि दुसऱ्या ठिकाणी मौन म्हणजे होकार. आणि भाडेकरू तर बहुतेक वेळा गप्पच बसतो, कारण काय उत्तर द्यावे हे त्याला सुचत नसते. टक्क्यांची कुठलीही मर्यादा या एका फरकाइतकी परिणामकारक असेल असे मला वाटत नाही.

जर्मनीत सगळे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. घराचे आधुनिकीकरण केले तर मालक खर्चाचा ८ टक्के भाग वार्षिक भाड्यात मिळवू शकतो आणि स्वतःच्या कुटुंबाला घर हवे असल्याचे कारण देऊन भाडेकरूला काढूही शकतो. दोन्ही दरवाजांचा गैरवापर होतो. बर्लिन राज्याने फेब्रुवारी २०२० मध्ये थेट भाडी गोठवली, तेव्हा १५ एप्रिल २०२१ रोजी जाहीर झालेल्या निकालाने घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण हा विषय संघीय कायद्याने आधीच व्यापलेला होता. मधल्या काळात कमी भाडे भरलेल्या अनेकांना फरकाची रक्कम परत द्यावी लागली. वाचवलेले पैसे बाजूला ठेवा, असा सावध सल्ला ज्यांनी ऐकला होता ते तरले.

आकड्याची मर्यादा आणि घरातले स्थैर्य एकमेकांपासून सुटले की काय होते, हे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात दिसते. तिथे सरकार दरवर्षी वाढीचा दर जाहीर करते आणि तो २.५ टक्क्यांच्या वर जात नाही. परंतु १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथम वापरात आलेल्या घरांना ही मर्यादा लागू नाही. त्या घरांतल्या भाडेकरूला विनाकारण काढता येत नाही, पण ९० दिवसांची सूचना देऊन भाडे हवे तेवढे वाढवता येते. म्हणजे पुढचे दार कुलूपबंद आहे आणि मागच्या दाराला कडीच नाही. याउलट जुन्या घरांत वाढ मर्यादित आहे, पण भाडेकरू निघून गेल्यावर नव्या माणसाला कितीही भाडे लावता येते, त्यामुळे जुन्याला दुरुस्तीच्या किंवा घरच्यांसाठी जागा हवी असल्याच्या बहाण्याने हलवण्याचा मोह मालकाला होतो. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून लागू केलेल्या कायद्यात दोन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या: वाढ ५ टक्के अधिक महागाईचा दर, पण कुठल्याही परिस्थितीत १० टक्क्यांच्या आत, आणि एक वर्ष राहिलेल्या भाडेकरूला योग्य कारणाशिवाय काढता येणार नाही. पंधरा वर्षांच्या आतल्या इमारतींना त्यातून सूट आहे, म्हणजे नवे बांधकाम करणाऱ्याला धाक बसू नये. मला ही तडजोड बरी वाटते. तिच्यात कोणीही पूर्ण खूश नाही.

इंग्लंडमध्ये अनेक वर्षे वेगळीच गंमत होती. भाडेवाढ पटली नाही तर भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊ शकत असे, पण न्यायाधिकरण बाजारभाव ठरवताना मालकाने मागितलेल्या रकमेहूनही अधिक भाडे ठरवू शकत असे, आणि दाद मागितल्याचा राग आला तर मालक १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याचे कलम २१ वापरून कुठलेही कारण न देता दोन महिन्यांच्या सूचनेने घर परत मागू शकत असे. असा हक्क कोण वापरील? २०२५ साली मंजूर झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने कारणाशिवाय घर परत मागण्याची ती सोय काढून टाकायचे ठरवले आणि न्यायाधिकरणाला मालकाच्या मागणीच्या वर जायला मनाई केली. टक्क्यांची मर्यादा मात्र त्या कायद्यात नाही. माझ्या दृष्टीने तरीही तो मोठा बदल आहे, कारण त्याने भाडेकरूला विचारण्याची भीती उरू नये याची व्यवस्था केली.

मालकांची बाजू खोटी नसते, हे लिहिले नाही तर हा लेख एकतर्फी होईल. ज्याचे सगळे उत्पन्न एका घराच्या भाड्यावर आहे अशा निवृत्त माणसाला महागाई भाडेकरूइतकीच चावते. अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेपही गंभीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ साली जुन्या लहान इमारतींना भाडे नियंत्रण लागू झाले, त्याचा अभ्यास रिबेका डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. संरक्षण मिळालेले भाडेकरू आपल्या घरात टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली, हे त्यांना दिसले; पण त्या मालकांनी भाड्याने द्यायची घरे १५ टक्क्यांनी कमी केली, आणि त्यामुळे शहरातली एकूण भाडी सुमारे ५ टक्क्यांनी चढली, हेही दिसले. हा अभ्यास भाडे नियंत्रणाच्या विरोधात नेहमी पुढे केला जातो. मी तो थोडा वेगळा वाचतो. मालकांनी घरे विकायला काढली, पाडून नवी बांधली, म्हणजे भाडे रोखणाऱ्या कायद्याने घर भाड्याच्या बाजारातून उचलून नेण्याची वाट मोकळी सोडली होती. पाणी तिथूनच वाहून गेले.

आता ज्याच्या हातात असा आकडा आज पडला आहे, त्याने काय करावे, याबद्दल थोडे व्यवहाराचे. सर्वांत आधी करारनामा काढून वाचावा, कारण मुदत चालू असेल आणि त्यात वाढीचे कलम नसेल तर बहुतेक देशांत मधल्या काळात एकतर्फी वाढ करता येत नाही. मागणी तोंडी असेल तर ती लेखी मागावी आणि वाढीचे कारणही लेखी मागावे. कारण लिहायला बसले की आकडा थोडा खाली येतो, असा माझा अनुभव आहे. वाढीव रक्कम ‘या महिन्यापुरती’ म्हणून भरू नये, कारण इंग्लंड, जर्मनीसारख्या ठिकाणी ती भरणे म्हणजे वाढ स्वीकारणे धरले जाऊ शकते. परंतु जुने भाडे वेळेवर आणि पुरावा राहील अशा रीतीने भरतच राहावे. रागाने सगळेच भाडे अडवून ठेवणारा भाडेकरू मालकाच्या हातात थकबाकीचे आयते कारण देतो, आणि ते कारण जवळजवळ प्रत्येक कायद्यात चालते. महाराष्ट्रात पावती मागणे हा हक्क आहे, आणि दबाव आणण्यासाठी पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ ने मनाई केली आहे. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकलेली आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अनेकांना हे माहीत नसते. दाद मागण्याच्या मुदती सगळीकडे तोकड्या असतात, म्हणून स्थानिक वकिलाला किंवा भाडेकरू संघटनेला विचारायचे तर ते नोटीस आलेल्या आठवड्यातच विचारावे.

संघटनेचा मुद्दा मी शेवटी आणला याचे कारण तो दुय्यम आहे असे नाही. स्वीडनमध्ये बहुतेक घरांचे भाडे एकेक भाडेकरू ठरवतच नाही. भाडेकरूंची राष्ट्रीय संघटना मालकांशी वाटाघाटी करून ते ठरवते, आणि घराचा दर्जा व उपयुक्तता हा त्याचा आधार असतो. त्याची किंमत म्हणून स्टॉकहोममध्ये घर मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. पण ज्याच्याकडे घर आहे त्याला दारात उभ्या असलेल्या मालकाशी एकट्याने बोलावे लागत नाही. एकटेपणा हाच अशा बोलण्यातला खरा तोटा असतो. शेजारच्या दारामागे किती भाडे दिले जाते, हे विचारणे आपल्याला असभ्य वाटते, आणि या सभ्यतेचा फायदा नेमका कोणाला होतो याचा आपण विचार करत नाही.

नव्याने येणाऱ्याला तर काहीच माहिती नसते. जर्मनीत २०१५ पासून टंचाईच्या भागांत नव्या भाडेकरूकडूनही प्रचलित भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त भाडे सहसा घेता येत नाही. मालक आधीच्या भाडेकरूच्या चढ्या भाड्याचा हवाला देत असेल तर ते भाडे त्याने आधीच सांगितले पाहिजे, असाही नियम नंतर झाला. न्यूयॉर्कमध्ये भाडे नियमनाखालील घरात राहणारा माणूस राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून त्या घराच्या भाड्याचा नोंदलेला इतिहास मागवू शकतो, आणि त्यातून बेकायदा वाढ उघडकीला येऊ शकते. असे कागद सगळीकडे मिळायला हवेत. सरकारला यासाठी फारसा खर्च येणार नाही आणि मालकाचे न्याय्य उत्पन्न एका पैशाने कमी होणार नाही. तोवर मी एक साधी गोष्ट करतो. भाड्याचे घर सोडताना ते पाहायला जो कोणी येतो, त्याला मी शेवटी किती भाडे देत होतो ते सांगतो, आणि त्याआधी किती देत होतो तेही.